अकराचं चेकआउट

समोरच्या माणसाला "आता निघा" कसं म्हणायचं, हे मला साठी उलटली तरी जमलेलं नाही. आणि नेमकं तेच काम आमच्या सूनबाईंनी माझ्या गळ्यात घातलं.

झालं असं. सून मुंबईत एका कंपनीत नोकरीला होती. मुलगा अजून आहे. तो सकाळी अंधारात जातो आणि रात्री जेवायला उगवतो, त्यामुळे या गोष्टीत तो फारसा दिसणार नाही. घरात तरी कुठे दिसतो! तर सुनेने नोकरी सोडली आणि जाहीर केलं की भिसेगावच्या आपल्या घरामागे, भातशेतीच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या आणि मुंबईची माणसं राहायला बोलवायची. कर्जतला आता जो तो हेच करतोय. कालपर्यंत ज्या शेतात बेडूक ओरडायचे, तिथे आता शनिवार-रविवार मुंबईकर ओरडतात.

"आई, हे माझं स्टार्टअप आहे," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत बघू. नाहीच चाललं तर बॅकअप आहे."

बॅकअप म्हणजे काय ते मला मुलाकडून कळलं. जुन्या ऑफिसने तिला परत बोलावलं होतं. खोल्यांचं जमलं नाही तर ती दोघं नातीला घेऊन ठाण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. म्हणजे बघा, बॅकअप तिचा आणि रिकामं घर आमचं. त्या दिवशी मी भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या. ही तिघं गेली असती तर घर मला खायला उठलं असतं. पण मी कुणाला काही बोलले नाही. आपण कशाला कुणाच्या मध्ये पडायचं.

सून गुणाची आहे, खोटं कशाला बोलू. पण तिचं बोलणं म्हणजे असल्या शब्दांची माळ. "आई, खोल्यांचं क्लीनअप झालं का? लाइटवाल्याचा फॉलोअप घेतला का? पडवीतला सेटअप बदलू या." मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं, त्यामुळे माझा कान वाईट खोडीचा आहे. माझ्या लक्षात आलं की हे शब्द मुळात सगळे उद्योग आहेत. कुणीतरी झाडतंय, कुणीतरी कुणाच्या मागे लागतंय, कुणीतरी मांडामांड करतंय. पण इंग्रजीवाल्यांनी त्या उद्योगाला असं काही घट्ट बांधलं की त्याची वस्तूच झाली. मग ती वस्तू घ्या, द्या, ठेवा, बदला. करणारा मात्र कुठे गेला ते विचारू नका. लाइटवाल्याच्या मागे मी चार वेळा फोन करून लागले, त्याच्या बायकोशी भांडले, आणि रात्री सून मुलाला काय सांगते? "फॉलोअप झाला." आपोआप झाला म्हणे.

या शब्दांची खरी करामत मला चौक गावात कळली होती. एकदा आमची जुनी गाडी तिथे ऐन रस्त्यात, गॅरेजच्या रांगेसमोरच बंद पडली. रेडिएटरमध्ये पाणी घाला असं मी घरून निघताना यांना बजावलं होतं. यांनी घातलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गॅरेजवाला बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, ब्रेकडाउन हाय." झालं! "तुम्ही गाडी मोडलीत" म्हटलं असतं तर भांडायला जागा होती. ब्रेकडाउन म्हटल्यावर कुणाशी भांडणार? यांनी मोठ्या दुःखी चेहऱ्याने मान हलवली आणि समोरच्या टपरीवर जाऊन मजेत चहा घेतला. तेव्हापासून तो शब्द यांचा फार लाडका. हातातून कपबशी पडली तरी आतून आवाज येतो, "अगं, ब्रेकडाउन झाला!"

पण नुसतं हसण्यावारीही नेता येत नाही. शेजारणीच्या मुलाला कंपनीने काढून टाकलं. तिने आम्हाला सांगितलं, "त्याचा लेऑफ आलाय." इतक्या शांतपणे म्हणाली की यांना वाटलं काहीतरी बोनसबिनस असेल, आणि यांनी मुलाचं अभिनंदन केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मला वाटतं, तो शब्द होता म्हणून त्या माउलीला चार माणसांत उभं राहता आलं. "माझ्या पोराला काढलं" हे तिच्या तोंडून निघालंच नसतं.

तर चेकआउट. सुनेचे नियम असे होते: चेक-इन दुपारी एक वाजता, चेकआउट सकाळी अकराला. मधल्या वेळात खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. ती स्वतः स्वयंपाकघरात आणि फोनवर अडकलेली, म्हणून चेकआउट माझ्याकडे.

"मला नाही बाई कुणाला जा म्हणता येत," मी म्हटलं.

"आई, आपण कुणाला जा म्हणतच नाही. अकरा वाजता फक्त चेकआउट असतं."

असतं. जशी चतुर्थी असते, तसं. मला ते पटलंही. म्हटलं, सोय आहे. वाईटपणा आपल्याकडे नाही, शब्दाकडे.

पण आमच्याकडची रीत निराळी आहे. आमच्या कर्जत-खालापूरच्या गावांत कुणी जायला उठलं तर त्याला सुखासुखी जाऊ देत नाहीत. "निघालात? असं कसं? जेवल्याशिवाय जायचं नाय." त्याने म्हणायचं, "नको नको, घरी वाट बघतात." मग आपण, "घोटभर चहा तरी." तो, "झाला की आताच." असं करत करत फाटकापर्यंत जायचं, तिथे चपला घातल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळं. चुलीवर काही नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या मनात काही राग नाही, तुमच्याही नसो, एवढंच त्यातून सांगायचं असतं. म्हटल्याबरोबर खरंच पाटावर जाऊन बसलेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

मुंबईची माणसं येईपर्यंत.

पहिल्याच खेपेला चार तरुण पोरं होती, अर्ध्या चड्ड्यांतली. अकराला मी शब्द घोकत गेले. पोरं बिचारी शहाणी, बॅगा घेऊन बाहेरच उभी. "ओके आंटी, थँक्यू, बाय!" आणि माझ्या तोंडाने दगा दिला. "असं कसं? जेवल्याशिवाय जायचं नाय!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "ऑसम!" आणि बॅग खाली ठेवली.

आमच्यापुरतं वालाचं बिरडं आणि भाकरी होती, ती त्यांनी खाल्ली. वरून भात टाकला, तोही खाल्ला. मग आंब्याखाली चटया टाकून झोपली. एक वाजता पुढचं कुटुंब बॅगा, पोरंबाळं आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन फाटकात हजर. भाकऱ्यांच्या नादात खोल्या झाडायच्याच राहिलेल्या, आता त्यांना बसवणार कुठे? मी त्यांना आमच्या खोलीत नेलं. हे तिथे दुपारची वामकुक्षी करत होते. दार उघडून आत शिरलेली परकी माणसं बघून हे दचकून उठले, लुंगी सावरली आणि मला म्हणाले, "आपलं पण चेकआउट हाय का गं?"

सून ओरडली नाही. ती ओरडतच नाही, तेच तर दुखणं आहे. "ठीक आहे आई, थोडा मिक्सअप झाला," म्हणाली. "तुम्ही घोळ घातलात" असं म्हणाली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते, संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. मिक्सअपशी कसं भांडायचं ते कुणी मला शिकवलेलं नाही.

त्यानंतर तिने "चेकआउट अकरा वाजता" असा बोर्ड रंगवून घेतला. मी त्या बोर्डाखाली उभी राहून "अकराचं चेकआउट आहे हो" असं ठणकावून सांगायची आणि त्याच श्वासात "पण जेवून जा" म्हणायची. जीभ वळायचीच तशी. मग कुणीतरी फोनवर लिहून टाकलं की इथल्या आंटी निघताना आग्रहाने जेवायला घालतात, बिरडं चुकवू नका. पुढचे पाहुणे अकरा वाजले की माझ्याकडे आशेने बघत बसायला लागले. मी कपाळाला हात लावला. सून खोल्या झाडायला धावायची, आमच्या खोलीत नवे पाहुणे बसलेले म्हणून हे कपाटामागे खुर्ची टाकून पेपर वाचायचे, आणि मी परातभर पीठ मळायची.

आणि दिवाळी जवळ येत चालली होती.

नवरात्र संपलं आणि मुंबईच्या एका ऑफिसने दोन्ही खोल्या आणि अंगणात तंबू असं तीन दिवसांसाठी मागितलं. त्यांचं गेट-टुगेदर होतं. "आई, हे नीट झालं तर पुढचं सगळं नीट होईल," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ती मंडळी ज्या दिवशी एक वाजता येणार, त्याच सकाळी आधीचं एक जोडपं निघणार होतं. "उद्या कटऑफ म्हणजे कटऑफ, आई. प्लीज." पोरीचे डोळे झोपेने सुजले होते. मला तिची दया आली. हे फसलं तर ती जाणार, आणि फसवणारी मी.

संध्याकाळी मी यांना पाहुणा केलं आणि तालीम घेतली. हे हातात पिशवी घेऊन पडवीत बसले.

"चेकआउट," मी म्हटलं.

"बरं, निघतो," हे म्हणाले आणि उठले.

"अहो असं कसं, जेव..."

यांनी पिशवी खाली आपटली. "तुजं नाय जमायचं गं! तोंडात पदर कोंब."

मी खरंच कोंबला. दुसऱ्या दिवशी अकराला, पदराचं टोक दातांत धरून, खोलीशी गेले. जोडपं आमच्याच वयाचं. गृहस्थ अबोल, बाई नीटनेटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी. बॅगा बांधून पडवीत ठेवलेल्या. मला आनंदाचं भरतं आलं. "अकरा वाजले. चेकआउट," मी म्हटलं आणि दात पुन्हा मिटले.

"हो हो, निघतोच आम्ही," बाई म्हणाल्या. आणि बसल्या.

मीही समोर बसले. त्या माझ्याकडे बघतायत, मी पिवळ्या पडलेल्या भातशेताकडे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "निघावं म्हणते."

"बरं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. गृहस्थांनी बॅग उचलली, बायकोकडे बघितलं, बॅग खाली ठेवली. मी मनात म्हटलं, बिरड्याची कीर्ती यांच्याही कानावर गेलेली दिसते. पण आज मेलं तरी बोलायची नाही. साडेअकरा झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सून हातवारे करत होती. बारा वाजले. बाईंनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, "उशीर होतोय, नाही का?" म्हणाल्या, आणि पुन्हा बसल्या. मला घाम फुटला. अशी चिवट माणसं मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात हे अंगणातून लुंगीचा सोगा धरून पळत आले आणि मला बाजूला ओढलं. गृहस्थ मघाशी उठून आंब्याखाली यांच्याजवळ गेले होते आणि त्यांनी हळूच विचारलं होतं, "तुमच्या मंडळी आमच्यावर रागावल्यात का हो? हिचं माहेर चौकच्या पलीकडचं. कुणी थांबा म्हटल्याशिवाय ही कुणाच्या घरातून पाय काढत नाही. अपमान वाटतो तिला."

"अगं बोल लवकर!" हे माझ्या कानात ओरडले. "थांबा म्हण तिला! ती नाय म्हणायसाठी खोळंबलीय!"

अरे देवा! माझ्याच मुलखातली लेक, आणि मी तोंडात पदर कोंबून तिला तासभर बसवून ठेवली होती. मी धावत गेले. "ताई, असं कसं निघालात? जेवल्याशिवाय जायचं नाय!"

बाईंचा चेहरा असा काही उजळला. मुंबईची सगळी इस्त्री मोडली आणि आतून गाव बाहेर आलं. "नको गं बाय, घरी वाट बघत्यात."

"घोटभर चा तरी घ्या!"

"झाला की गं मगाशी! तुमी या आमच्याकडं." बोलता बोलता त्या चपला घालून फाटकाशी पोचल्यासुद्धा. फाटकात आम्ही सगळं पुन्हा एकदा म्हटलं, माझे हात हातात धरून त्यांनी दाबले, आणि गाडी गेली. मग आमची जी धांदल उडाली! सुनेच्या हातात झाडू, माझ्या हातात चादरी, आणि हे उशांचे अभ्रे उलटे चढवतायत. ऑफिसवाल्यांचा टेंपो ट्रॅव्हलर फाटकात वळला तेव्हा शेवटची बादली मी अंगणाच्या कोपऱ्यात ओतत होते.

गेट-टुगेदर उत्तम झालं. रात्री गाणी फार झाली, पण त्याला इलाज नाही. जाताना त्यांच्या साहेबांनी नाताळचं बोलून ठेवलं. मी मनात म्हटलं, सुटलो. बॅकअप गेला खड्ड्यात.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आम्ही दोघी करंज्या करत होतो. मी तळत होते, ती लाटत होती. मान खाली घालूनच ती म्हणाली, "आई, दिवाळीनंतर मूव्ह-आउट ठरलंय."

माझा झारा हवेत राहिला. "कुणी ठरवलं?"

"म्हणजे... ठरलंय."

इतके महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "ठरलंय म्हणजे काय गं? आपोआप ठरतं? हे मूव्ह-आउट कुणाचं? कोण जाणार? कुठून जाणार? कुणाला टाकून जाणार? नीट वाक्य कर! चौथीच्या पोराला येतं ते तुला येत नाही? जायचंय ना, मग 'मी जाते' असं म्हण माझ्या तोंडावर आणि जा!"

मी सुनेला असं कधी बोलले नव्हते. तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"मी..." ती म्हणाली.

"हं. मी काय?"

"मी जा..." पुढे तिला येईना. "मला नाही जायचं, आई."

"मग कशाला मेला तो बॅकअप?"

"तुम्हाला त्रास होतो. तुमची खोली जाते, बाबा कपाटामागे बसतात, तुम्ही दिवसभर राबता. मला वाटलं, तुम्हाला नकोय हे. आम्ही गेलो तर तुम्ही सुटाल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दारात येईल त्याला तुम्ही थांबा म्हणता. त्या चड्डीवाल्या मुलांना म्हणालात. ठाण्याचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला एकदाही म्हणाला नाहीत."

कढईत करंज्या तडतडत होत्या. त्यांच्याकडे बघायचं भान दोघींनाही नव्हतं. ती घरची, घरच्या माणसाला कोण आग्रह करतं, असं मला वाटत होतं. आणि ही दुसऱ्याच्या घरून आलेली पोर ते एवढं एक वाक्य ऐकायला महिनोन्महिने कान देऊन बसली होती.

"राहा," मी म्हटलं. झारा खाली ठेवला आणि पुन्हा म्हटलं. "राहा गं. तुझ्यावाचून मला करमायचं नाही. नातीचं राहू दे, पोराचं राहू दे. तू मला हवी आहेस."

"राहते," ती म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच तिने डोळे पुसले.

कढईतला घाणा काळाठिक्कर पडला होता. त्या करंज्या आम्ही टाकल्या नाहीत. चुलीशी बसून दोघींनीच खाल्ल्या.